माँ ब्लाँला पायी वळसा: ११ दिवस, ३ देश आणि १०,००० मीटर चढ

इकडे सह्याद्रीत पाऊस धरतो त्याच सुमारास आल्प्समधल्या खिंडींवरचं बर्फ वितळतं आणि तिथला चालण्याचा हंगाम सुरू होतो. म्हणूनच अलीकडे मराठी ट्रेकरांच्या गप्पांमध्ये एक नाव वारंवार निघतं: टूर द्यू माँ ब्लाँ, तोंडी रूप टीएमबी. पण चौकशी सुरू केली की माणूस गोंधळतो. एक जण सांगतो, ही तर सोपी पायवाट, म्हातारी माणसंही चालतात. दुसरा सांगतो, एकूण चढ एव्हरेस्टच्या उंचीहून जास्त आहे. फेब्रुवारीत विचारलं तर ऑगस्टमधल्या खाटा भरलेल्या असतात, आणि व्हिसाचा अर्ज प्रत्येक रात्रीचा पत्ता मागतो. यातलं काहीच खोटं नाही. वाट अवघड नाही, पण सलग आहे. सगळी अडचण त्या सलगपणात आहे, पायांसाठीही आणि नियोजनासाठीही.

ही वाट नेमकी कुठून कुठे जाते?

माँ ब्लाँ हा आल्प्समधला सर्वांत उंच डोंगर, साधारण ४,८०६ मीटर. माथ्यावर बर्फाचा थर असल्यामुळे दर मोजणीत आकडा थोडा हलतो. टीएमबी त्या माथ्यावर जात नाही, पूर्ण डोंगररांगेला वळसा घालते. शिखरावर माणूस पहिल्यांदा पोचला १७८६ मध्ये. त्याच्या १९ वर्षं आधी, १७६७ मध्ये, जिनिव्हाचा शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या डोंगराभोवती फिरून आला होता. म्हणजे इथे वळसा आधी झाला, चढाई नंतर.

लांबी साधारण १७० किलोमीटर. सुरुवात बहुतेक जण फ्रान्समधल्या शामोनीच्या खोऱ्यातल्या ले झूश या गावातून करतात. तिथून दक्षिणेला ले कोंतामीन आणि ले शापियू, मग कोल द ला सेन्य ओलांडून इटली, कूरमायर गाव, ग्राँ कोल फेरेवरून स्वित्झर्लंड, ला फूली, शाँपे, त्रियाँ, आणि कोल द बाल्मवरून परत फ्रान्स. 'कोल' म्हणजे आपली खिंड. हा एक शब्द लक्षात ठेवला की नकाशा अर्धा वाचता येतो, कारण रोजचा दिवस एकाच साच्याचा असतो: खोऱ्यातून खिंडीवर, खिंडीवरून पुढच्या खोऱ्यात.

आपण प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला ठेवतो. इथे मात्र रिवाज उलटा आहे, डोंगर डाव्या हाताला ठेवून चालतात. उजवी फेरीही चालते, पण मग दिवसभर समोरून येणाऱ्यांना वाट देत राहावं लागतं.

१०,००० मीटर चढ? हा आकडा येतो कुठून?

याला चढाची बेरीज म्हणतात. महिन्याचा खर्च लिहिताना मधे जमा झालेले पैसे आपण त्यातून वजा करत नाही. तसंच इथे उतार वजा होत नाही, फक्त वर गेलेले मीटर जोडत जायचे. अकरा दिवसांत ही बेरीज साधारण १०,००० मीटर होते, आणि फेरी जिथून सुरू झाली तिथेच संपत असल्यामुळे उतारही तेवढाच.

सिंहगडाची आतकरवाडीची वाट साधारण ६०० मीटर चढवते. म्हणजे टीएमबीवर सरासरी दिवसाला ९०० मीटर, दीड सिंहगड चढायचा आणि दीड सिंहगड उतरायचा. एका रविवारी हे कुणीही धडधाकट ट्रेकर करेल. प्रश्न सोमवारी, मंगळवारी आणि बुधवारी पाठीवर सात-आठ किलो घेऊन तेच पुन्हा करण्याचा आहे.

हिमालयात ट्रेक केलेल्यांना वेगळीच भीती असते, विरळ हवेची. ती इथे जवळजवळ बाजूला ठेवता येते. मुख्य वाटेवरची सर्वांत उंच जागा ग्राँ कोल फेरे, २,५३७ मीटर. दोन अवघड पर्यायी वाटा २,६६५ मीटरपर्यंत जातात. लेह शहरच ३,५०० मीटरवर आहे. शिवाय टीएमबीवर रात्रीचा मुक्काम बहुधा १,००० ते २,२०० मीटरच्या दरम्यान होतो. तेव्हा उंचीच्या गोळ्यांची चिंता सोडा आणि गुडघ्यांची करा.

एक दिवस जवळून: ले कोंतामीन ते ले शापियू

ले कोंतामीन १,१६७ मीटरवर. चर्चपासून ओढ्याकाठची सपाट वाट पहिला तास फसवते, चाल वाढते, दम राखून ठेवावा असं वाटतच नाही. मग नोत्र दाम द ला गोर्ज हे छोटं देऊळवजा चर्च मागे पडलं की दगडी फरसबंदीचा खडा चढ लागतो. पुढे कुरणं, गाई, एकदोन चहा-नाश्त्याच्या जागा, आणि झाडी संपल्यावर मुरमाड वळणं. २,३२९ मीटरवर कोल द्यू बोनोम. नवखे इथे फोटो काढून सुटकेचा श्वास सोडतात, पण खरी खिंड अजून पुढे आहे. कातळातून आणि ओहोळांतून आडवं जात तासाभरात २,४७९ मीटरवरची कोल द ला क्रुआ द्यू बोनोम येते. या आडव्या टप्प्यावर जूनअखेरपर्यंत बर्फाचे पट्टे राहतात. नंतर ले शापियूपर्यंत ९२५ मीटर थेट उतार.

वेळ किती लागेल? १८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने मांडलेला ठोकताळा अजून कामाचा आहे: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. इथे अंतर सुमारे १८ किलोमीटर, म्हणजे ३ तास ३५ मिनिटं. चढ सुमारे १,३०० मीटर, म्हणजे २ तास १० मिनिटं. बेरीज पावणेसहा तास. त्यात जेवण, पाणी, फोटो आणि शेवटच्या उतारावरचा मंदावलेला वेग धरला की सात ते आठ तास होतात. सकाळी आठला निघालात तर दुपारी चारपर्यंत मुक्कामी.

चूक होते ती उतारावर. चढताना दम लागतो आणि माणूस आपोआप थांबतो. उतरताना दम लागत नाही, म्हणून पळतो. पण उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचं वजन झेलतात आणि त्यांत बारीक इजा होते. ही दुखापत लगेच कळत नाही, २४ ते ७२ तासांनी भरात येते. दुसऱ्या दिवशी पळत उतरलेला माणूस म्हणूनच चौथ्या दिवशी कूरमायरच्या उतारावर जिना उतरणाऱ्या आजोबांसारखा आडवा चालतो. उपाय साधे आहेत. दोन काठ्या घ्या आणि उतारावर त्या थोड्या लांब करा. पावलं आखूड टाका. आणि तयारी करताना चढ मोजण्यापेक्षा सलग दिवस मोजा: शनिवारी सिंहगड दोनदा, रविवारी पुन्हा एकदा, भरलेली सॅक घेऊन, जायच्या आधी निदान आठ आठवडे. शनिवारच्या दुखऱ्या पायांनी रविवारी चालणं हाच खरा सराव.

बूट नवे घेणार असाल तर दोन महिने आधी घ्या आणि अर्धा-एक नंबर मोठे, कारण दिवसभर चालून पाऊल सुजतं आणि उतारावर अंगठा पुढे आदळतो. सुती मोजे घाम धरून ठेवतात, त्वचा भिजते आणि फोड येतो. लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या. कुठे चुरचुरायला लागलं की त्याच मिनिटाला थांबून पट्टी लावा, पुढच्या खिंडीपर्यंत ढकलू नका.

वाटाड्या नसेल तर वाट सापडते का?

सापडते. आपल्याकडे ढोरवाटेने घोटाळा होतो आणि कातळावरचा ऑइलपेंटचा बाण शोधत फिरावं लागतं. तिथे खुणांची पद्धत ठरलेली आहे. फ्रान्समध्ये लांब पल्ल्याच्या वाटांना पांढरा आणि लाल असा दुहेरी पट्टा असतो. १९४७ मध्ये सुरू झालेली ही पद्धत आता देशभर आहे. पट्टा सरळ असेल तर चालत राहा, वळलेला असेल तर वळा, आणि दोन पट्ट्यांची फुली दिसली तर तुम्ही चुकीच्या वाटेला लागला आहात. स्वित्झर्लंडमध्ये पिवळ्या पाट्यांवर अंतर नव्हे तर वेळ लिहितात, आणि त्यात विश्रांती धरलेली नसते. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी पायवाट, पांढरा-निळा-पांढरा म्हणजे अवघड वाट, सराव नसेल तर तिकडे फिरकू नका. इटलीत पिवळ्या रंगात टीएमबी अशी अक्षरं दिसतात.

तरीही फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा. ढगात खुणा दिसत नाहीत, आणि बर्फाच्या पट्ट्याखाली तर त्या गाडलेल्याच असतात. इथे अनेकांची फसगत होणारी एक गोष्ट: युरोपीय संघातलं सिमकार्ड फ्रान्स आणि इटलीत चालतं, पण स्वित्झर्लंड त्या संघात नाही. काही पॅकमध्ये तो देश धरलेला असतो, काहींत नसतो. ग्राँ कोल फेरे ओलांडल्यावर कळण्यापेक्षा घेतानाच विचारून घ्या.

राहायचं कुठे? तंबू चालत नाही का?

वाटेवर ठिकठिकाणी डोंगरी निवारे आहेत, फ्रेंचमध्ये रेफ्यूज, इटालियनमध्ये रिफुजिओ. यांना धर्मशाळा आणि खानावळ यांचं मिश्रण समजा. एका खोलीत चार ते वीस गाद्या, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता धरून माणशी साधारण ६० ते १०० युरो.

रीत अशी. चार-पाचपर्यंत पोचायचं. बूट आणि काठ्या दारातल्या खोलीत ठेवायच्या, आत सपाता. अंथरूण-पांघरूण मिळतं, पण आत घालायची पातळ पिशवीसारखी चादर आपली आपण न्यावी लागते. ती २०० ग्रॅमची असते, विसरू नका. गरम पाण्याची अंघोळ अनेक ठिकाणी मोजून मिळते, टोकन टाका आणि काही मिनिटांत आटपा. सातच्या सुमारास सगळ्यांचं जेवण एकदमच. दहाला सामसूम. सकाळी अंधारात प्लॅस्टिकच्या पिशव्या खसखसवणाऱ्याला सगळी खोली मनात शिव्या देते, म्हणून सॅक रात्रीच भरून ठेवावी. चार्जिंगची सॉकेटं मोजकी असतात, तेव्हा पॉवर बँक जवळ हवी. काही निवाऱ्यांत कार्ड चालत नाही, दोन-अडीचशे युरो रोख ठेवा. आणि पोचणं जमणार नसेल तर फोन करून कळवाच. तुमची वाट बघत कुणी काळजीत बसलेलं असतं, आणि ती गादी दुसऱ्या कुणाला मिळू शकते.

तंबूचं उत्तर देशागणिक बदलतं. फ्रान्समध्ये काही भागांत संध्याकाळी सात ते सकाळी नऊ एवढ्यापुरता तंबू चालतो, राखीव क्षेत्रांत नेमलेल्या जागीच. इटलीच्या बाजूला २,५०० मीटरच्या खाली मनाई आहे, आणि वाट जवळजवळ सगळी त्याखालीच आहे. स्वित्झर्लंडच्या टप्प्यात ला फूली, शाँपे, त्रियाँ इथल्या अधिकृत तळांवर उतरा. तंबूमुळे पैसे वाचतात, पण सॅक बारा-चौदा किलोची होते, आणि तो हिशेब गुडघे चुकता करतात. पहिल्या फेरीला निवारेच बरे.

आधी काय: विमान, व्हिसा की खाट?

आधी खाट. इथे बहुतेक जण उलटं करतात, स्वस्त तिकीट दिसलं की काढतात आणि मग अडकतात.

गणपतीला कोकणात जायचं तर तिकीट कधी काढावं लागतं ते मराठी माणसाला सांगायला नको. टीएमबीचं तसंच आहे, फक्त इथे एक तिकीट नाही, दहा आहेत, आणि ती ओळीने लागली पाहिजेत. सगळ्या वाटेचं मिळून एक कार्यालय नाही. बरेच निवारे एका सामाईक संकेतस्थळावर दिसतात, बाकीच्यांना वेगळं लिहावं लागतं. पुढच्या उन्हाळ्याची नोंदणी आदल्या शरद ऋतूपासून जानेवारीपर्यंत टप्प्याटप्प्याने उघडते.

म्हणून पहिल्या मुक्कामापासून सुरुवात करू नका. जिथे दुसरा पर्याय जवळ नाही त्या जागा आधी धरा: इटलीतले एलिझाबेत्ता आणि बोनात्ती हे निवारे, आणि शेवटाकडचं त्रे ल शाँ. या तीन तारखा पक्क्या झाल्या की मधली गावं भरा. कूरमायर, शाँपे, ले कोंतामीन इथे हॉटेलं आहेत, तिथे पुढेमागे होतं. दोघांना जागा सहज मिळते, बाराजणांच्या गटाला फार कठीण. मोठा गट असेल तर दोन तुकड्या करून एक दिवसाच्या अंतराने निघा. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास याच वाटेवर जगप्रसिद्ध धावण्याची शर्यत असते. लोक तो पूर्ण वळसा एका दमात पळतात, पहिला येणारा २० तासांच्या आसपास. त्या दिवसांत शामोनीत खोली शोधू नका.

खाटा झाल्या की व्हिसा. शेंगेन व्हिसा म्हणजे एकाच परवान्यावर २९ युरोपीय देशांत, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहण्याची मुभा. तिन्ही देश त्यात आहेत, स्वित्झर्लंडसुद्धा. अर्ज कुठल्या देशाकडे? जिथे सर्वांत जास्त रात्री, त्याच्याकडे. नेहमीच्या आखणीत इटलीत तीन, स्वित्झर्लंडमध्ये तीन आणि उरलेल्या फ्रान्समध्ये, म्हणून फ्रान्स. तुम्ही जिनिव्हाला उतरलात तरी हे बदलत नाही. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, निदान १५ दिवस आधी करावाच लागतो, आणि मोठ्यांना शुल्क ९० युरो. निवाऱ्यांच्या नोंदणीच्या पावत्या हाच मुक्कामाचा पुरावा. तिकीट तारखा पक्क्या झाल्यावर घ्या. जिनिव्हा विमानतळावरून शामोनीला बस दीड तासाच्या आत-बाहेर पोचवते.

शाकाहारी माणसाचं काय?

उपाशी राहणार नाही, पण नोंदणीच्या वेळीच सांगावं लागतं. जेवण सगळ्यांना एकच असतं आणि सामान वर पोचवणं कष्टाचं असतं, आयत्या वेळी वेगळं काही निघत नाही. तिथे शाकाहारी म्हणजे मांस-मासे नसलेलं, अंडं आणि चीज त्यात गृहीत धरतात. सूपचं पाणी मांसाचं असू शकतं, आणि अनेक पारंपरिक चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजवतात. ज्यांना हे चालत नाही त्यांनी स्पष्ट लिहावं. जैन पद्धतीचं जेवण मिळेल अशी आशा ठेवू नये. शेंगदाण्याची चिक्की, मेतकूट, भडंग सोबत नेता येतं. पेढे, बर्फी मात्र घरी ठेवा, बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला तिथे बंदी आहे.

पाणी विकत घ्यावं लागत नाही. गावोगावी दगडी हौदात धार पडत असते. 'पोताब्ल' म्हणजे पिण्याजोगं, त्याआधी 'नों' असेल तर हात धुण्यापुरतं. ओढ्याचं पाणी गाळल्याशिवाय पिऊ नका, वर कुरणात गाई असतात.

हिमनद्या कोसळताहेत, मग ही वाट सुरक्षित आहे का?

ही शंका रास्त आहे. २०१९ आणि २०२० मध्ये कूरमायरजवळची प्लँपँस्यू हिमनदी तुटण्याच्या भीतीने खालचा रस्ता बंद करून घरं रिकामी केली होती. मे २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमधलं ब्लाटेन हे गाव हिमनदी आणि खडकांच्या लोंढ्याखाली गेलं. ते या वाटेपासून दूर आहे, पण कारण तेच: तापमान वाढलं, डोंगराला चिकटवून ठेवणारं आतलं बर्फ सैल होतं.

टीएमबी मात्र एकही हिमनदी ओलांडत नाही. प्लँपँस्यूच्या भागात तर ती खोऱ्याच्या समोरच्या उतारावरून, बेर्तोने ते बोनात्ती या निवाऱ्यांदरम्यान जाते. चालणाऱ्याला खरा धोका रोजच्या गोष्टींचा. जूनमध्ये खिंडीजवळच्या बर्फाच्या पट्ट्यांचा: सकाळी ते काचेसारखे घट्ट असतात, घसरलं तर थांबायला काही नाही. त्यासाठी बुटांवर चढवायच्या छोट्या काट्यांच्या साखळ्या हव्यात, किंवा सरळ जुलैनंतर जावं. जुलै-ऑगस्टमध्ये धोका दुपारच्या विजांचा. खिंड बारा-एकच्या आत ओलांडा. वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागा, तेवढे किलोमीटर ती दूर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर धार सोडून खाली उतरा.

मेंढ्यांच्या कळपाबरोबर मोठे पांढरे राखणे कुत्रे असतात. ते भुंकत जवळ येतात, हुंगतात, आणि तुम्ही मेंढ्यांसाठी घातक नाही अशी खात्री पटली की परत जातात. आपल्याकडची सवय इथे अंगाशी येते: दगड उचलायला वाकू नका, काठी उगारू नका. उभे राहा, शांत बोला, कळपाला लांबून वळसा घाला.

मदतीसाठी तिन्ही देशांत ११२. फ्रान्समध्ये डोंगरातली सुटका सरकारी खर्चाने होते. स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टरचं बिल तुमच्या नावाने येतं. व्हिसासाठी ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, पण त्यातल्या कित्येक पॉलिसी डोंगरातली सुटका वगळतात. 'ट्रेकिंग' आणि 'हेलिकॉप्टर' हे दोन शब्द पॉलिसीत शोधा, आणि किती मीटरपर्यंत, तेही.

अकरा दिवस सुट्टी नसेल तर?

तर खोऱ्यातले तुकडे सोडा, खिंडी सोडू नका. ले झूशहून बेलव्ह्यूला जाणारा रोपवेचा पाळणा पहिला चढ वाचवतो. इटलीतल्या दोन्ही खोऱ्यांत उन्हाळी बस आहे. ला फूली ते शाँपे हा दिवस गावांमधून जातो, गोड आहे, पण बसने गेलात तर फार हुकत नाही. असं करत सात दिवसांत फेरी होते. आपलं मोठं सामान गावोगावी गाडीने पोचवणाऱ्या सेवाही आहेत, पण जिथे रस्ताच नाही त्या निवाऱ्यांवर ते पोचणार नाही, त्या रात्रीपुरतं पाठीवरच घ्यायचं.

शेवटचे दोन दिवस मात्र पूर्ण चाला. त्रे ल शाँच्या वर लोखंडी शिड्या आहेत. उंचीची भीती असेल तर त्या टाळून जाणारी वाट आहे, अर्धा-एक तास जास्त. त्यानंतर वाट शामोनीच्या खोऱ्याच्या समोरच्या अंगाने जाते, आणि नऊ दिवस ज्याच्या मागून-बाजूने चाललात तो सगळा डोंगर पलीकडे उभा असतो. अखेरीला २,५२५ मीटरवरच्या ब्रेव्हाँ या माथ्यापासून ले झूशपर्यंत सलग १,५०० मीटर उतार आहे, संपूर्ण फेरीतला सर्वांत मोठा. गुडघा कुरकुरत असेल तर ब्रेव्हाँवरून शामोनीला पाळणा उतरतो. तो त्या दिवशी चालू आहे का, एवढं आदल्या रात्री निवाऱ्यातच विचारून ठेवा.